अपडेट अडकलं म्हणून गेम उडवू नका

स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकत घेऊन उतरवायच्या ॲपवर, अपडेट अडकलं की गेम अनइन्स्टॉल करून पुन्हा उतरवायचा, हा सल्ला लॅमिंग्टन रोडपासून डोंबिवलीपर्यंत सगळीकडे बिनदिक्कत दिला जातो. शंभर जीबीचा गेम, त्यात घरचे सगळे एकाच वायफायवर. रात्र गेलीच म्हणून समजा!

बहुतेक वेळा याची गरजच नसते. स्टीम फायली साधारण १ एमबीच्या तुकड्यांत हाताळतं आणि बदललेले तुकडेच उतरवतं. मग जुन्या फायलीतला मजकूर आणि नवे तुकडे एकत्र करून डिस्कवर नवी फाइल बांधली जाते. त्यामुळे ३०० एमबीच्या अपडेटसाठीही ४० जीबीची फाइल नव्याने लिहावी लागू शकते, आणि तेवढी मोकळी जागाही लागते. अशा वेळी नेटचा आलेख शून्यावर आणि डिस्कचा जोरात दिसतो. नेमकं तेव्हाच लोक राउटरचं बटण दाबतात. जुनी हार्ड डिस्क असेल तर निवांत चहा घ्या.

डिस्कही थंड पडली असेल, तर गेमवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथून फायलींची पडताळणी. बिघडलेल्या फायलीच दुरुस्त होतात. डाउनलोड कॅशे (स्टीमने साठवलेली तात्पुरती माहिती) साफ केल्यानेही गेम जात नाही, फक्त पुन्हा लॉगिन करावं लागतं. गेम जिथून उतरतो त्या सर्व्हरच्या मुंबई रीजनवर गर्दी वाटली तर दुसरा निवडून बघा.

आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर १२चाच वेग दिसतो ती फसवणूक नव्हे. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, स्टीम मेगाबाइट दाखवतं, आणि ८ बिटांचा एक बाइट. सेटिंग्जमध्ये हे बदलता येतं.