मल्टिथ्रेड कामगिरी : डेस्कटॉप प्रोसेसरची तुलना

प्रोसेसरचे सगळे कोअर (त्यातले स्वतंत्रपणे गणिते करणारे विभाग) एकाच वेळी कामाला लावले तर ठरावीक वेळात किती काम उरकते, याचे माप म्हणजे मल्टिथ्रेड कामगिरी. संगणक घेणाऱ्यासमोर ती बहुधा एखाद्या चाचणीतील गुणांच्या रूपात येते. गुण जास्त तो प्रोसेसर चांगला, हा हिशोब त्रिमितीय रेंडरिंग (संगणकातल्या त्रिमितीय दृश्यापासून चित्र तयार करणे) करणाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो. इतरांच्या बाबतीत तो पुष्कळदा फसतो.

नुसते कोअर आणि थ्रेड (कोअरवर चालणारे सूचनांचे प्रवाह) मोजून तुलना होत नाही. इंटेलने २००२ मध्ये पेंटियम ४ मध्ये हायपर-थ्रेडिंग आणले आणि डेस्कटॉपवर एका कोअरवर दोन थ्रेड चालू लागले. पहिला थ्रेड मेमरीची वाट पाहत थांबला की कोअरमधली रिकामी साधने दुसरा वापरतो. त्यामुळे काम वाढते, पण दुप्पट होत नाही. इंटेलचेच आठ कोअर-आठ थ्रेडचा कोअर आय७-९७००के आणि सहा कोअर-बारा थ्रेडचा ८७००के रेंडरिंगमध्ये जवळजवळ बरोबरीने धावत, ते यामुळेच. २०२४ च्या कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्ये तर हायपर-थ्रेडिंग नाहीच. तरीही त्याचे २४ थ्रेड आधीच्या कोअर आय९-१४९००के च्या ३२ थ्रेडना रेंडरिंगमध्ये मागे टाकतात. शिवाय २०२१ च्या बाराव्या पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये मोठे पी-कोअर आणि छोटे ई-कोअर एकत्र नांदतात, तेव्हा ‘२४ कोअर’ या आकड्यात दोन वेगळ्या ताकदीची माणसे मोजलेली असतात. कोअर कशाला म्हणायचे हा वाद कोर्टातही गेला आहे : इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीच्या २०११ च्या बुलडोझर मालिकेत दोन-दोन कोअर एकच दशांश-गणिताचा विभाग वाटून घेत. त्यावरून कॅलिफोर्नियात ग्राहकांनी दावा केला आणि २०१९ मध्ये १.२१ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

चाचण्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध मॅक्सन कंपनीची सिनेबेंच. तिच्यात रेंडर करायच्या चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येक थ्रेडला एकेक दिला जातो. एकाला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. कोअर वाढवले की गुण वाढतात, कारण कामच तसे आहे. आर२३ आणि २०२४ या आवृत्त्यांच्या गुणांची एकमेकांशी तुलना करता येत नाही, हे विसरू नये. गीकबेंच ६ या दुसऱ्या चाचणीत (२०२३) थ्रेडना एकच काम वाटून घ्यावे लागते, म्हणून तिथे खूप कोअर असलेल्या प्रोसेसरचा रुबाब कमी दिसतो. घरगुती वापराशी ते अधिक जुळते.

कोअर वाढवून वेग किती वाढतो, या मर्यादेचे गणित संगणक-रचनाकार जीन अमडाल यांच्या १९६७ मधील युक्तिवादावरून आले आहे. कामाचा ९० टक्के भाग वाटता येत असेल, तर आठ कोअरवर वेग सुमारे ४.७ पट होतो, सोळांवर ६.४ पट, आणि कोअर कितीही वाढवले तरी दहापटीपलीकडे जात नाही. शेवटचे आठ कोअर महाग पडतात ते असे.

दुसरी गोम विजेची. १४९००के चा मूळ आकडा १२५ वॅट, पण थोडा वेळ किंवा मदरबोर्डने मोकळीक दिली तर सतत, तो २५३ वॅटपर्यंत जातो. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स वर १७० वॅट छापलेले असते, पण सॉकेटमधून (प्रोसेसर बसवायच्या खोबणीतून) तो २३० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. म्हणून छोट्या चाचणीत आलेला गुण तासभराच्या व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये टिकेलच असे नाही. सिनेबेंच आर२३ मुळातच दहा मिनिटे चालते ते याच कारणाने. परीक्षकाच्या वातानुकूलित खोलीतला गुण मे महिन्यातल्या नागपुरात प्रोसेसरवरच्या साध्या कुलरवर मिळवणे अवघड. उलट विजेची मर्यादा मुद्दाम खाली आणली तर कामगिरी विजेच्या मानाने फारच कमी घटते, आणि ही सोय लोक उगाच दुर्लक्षित ठेवतात.

संगणकावरच्या खेळांसाठी हा मल्टिथ्रेड गुण जवळपास निरुपयोगी आहे. आठ कोअरचा रायझन ७ ७८००एक्स३डी त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशच्या (प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीच्या) जोरावर बहुतेक खेळांत सोळा कोअरच्या ७९५०एक्स च्या पुढे राहतो.

मोठे सी++ प्रकल्प कंपाइल करणाऱ्यांनी (लिहिलेला कोड चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदलणाऱ्यांनी) थ्रेडबरोबर रॅमही मोजावी. प्रत्येक समांतर कामाला एक-दोन जीबी लागू शकते. ३२ थ्रेड आणि १६ जीबी रॅम असली की रॅम अपुरी पडून डेटा तिच्याहून संथ एसएसडीवर जाऊ-येऊ लागतो. अशा यंत्रात समांतर कामे आठवर आणली, तर कंपाइलचे काम बहुधा लवकर संपते.