आरान्त्सासूचे चौदा शिष्य रस्त्याकडेला का पडले होते, थोडी पार्श्वभूमी

गिपुस्कोआत, म्हणजे उत्तर स्पेनच्या बास्क भागातल्या एका प्रांतात, तीन चर्चेसची एक फेरी हल्ली बरीच लोकप्रिय झालीये. लोयोला, सुमारागाची ला आंतिग्वा आणि आरान्त्सासू. (हो, शेवटी सासूच येते, उच्चार तसाच आहे, पाटीवर झेड दिसला तरी स म्हणायचं.) आपली मंडळी सॅन सेबॅस्टियनला मुख्यतः खायला जातात, मग एक दिवस उरतो म्हणून गाडी काढून ही फेरी मारतात, आणि आरान्त्सासूला पोचल्यावर बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण "पंधराव्या शतकातलं तीर्थक्षेत्र" वाचून आलेले असतात आणि समोर दिसतात टोकदार दगडांचे मनोरे आणि पोट कोरून काढल्यासारखे येशूच्या शिष्यांचे चौदा पुतळे. तर हे असं का, ते जरा सविस्तर.

जुना भाग पटकन. 1469 च्या सुमाराला एका मेंढपाळाला काटेरी झुडपात मारियेची (येशूच्या आईची) छोटी दगडी मूर्ती सापडली, शेजारी गुराच्या गळ्यातली घंटा. त्याने म्हणे बास्क भाषेत विचारलं, "काट्यात, तू?" आणि त्यावरून जागेचं नाव पडलं. भाषावाले म्हणतात नावाचा अर्थ नुसता "भरपूर काटे असलेली जागा". आपल्याकडेही स्वयंभू देवाच्या गोष्टी अशाच असतात, गाय एका जागी पान्हा सोडते वगैरे, त्यामुळे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मग मठ आला, तो अनेकदा जळला, शेवटचा 1834 मध्ये कार्लिस्ट युद्धात (गादीच्या वारसावरून पेटलेलं यादवी युद्ध) सरकारी सैन्याने जाळला. म्हणजे आज दिसतं त्यात पंधराव्या शतकातलं काय, तर मूर्ती. बाकीचं आपल्या आजोबांच्या काळातलं.

गोव्याशी धागा आहे तो इथेच सांगून टाकतो. लोयोलाच्या गढीतला जखमी सरदारपुत्र, म्हणजे पुढचा संत इग्नेशियस, बरा झाल्यावर 1522 मध्ये घर सोडून निघाला तेव्हा वाटेत आरान्त्सासूला रात्रभर जागला होता, आणि बरोबर वीस वर्षांनी, 1542 मध्ये, त्याचा शेजारच्या नवारा प्रांतातला सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला, ज्याचं शव बघायला जुन्या गोव्यात अजून रांगा लागतात. लोयोलाला भला मोठा घुमट आहे, पण मला विचाराल तर तिथे बघायची ती आतली मूळ गढी. खाली दगड आणि वर वीट, कारण राजाने घराण्याला शिक्षा म्हणून वरचे मजले पाडायला लावले होते आणि परत बांधताना विटा वापरल्या. ला आंतिग्वाबद्दल एवढंच की आत गेल्यावर मान वर करा, ओकच्या तुळयांवर कोरलेले चेहरे आहेत, आणि 2 जुलैला गेलात तर तलवारनृत्य मिळेल.

आता मुद्दा. 1950 मध्ये मठवाल्यांनी ठरवलं की नवीन मोठं चर्च बांधायचं, स्पर्धा घेतली, आणि निवडलं काय तर दोन तरुण आर्किटेक्टचं एकदम मॉडर्न डिझाइन. पुतळ्यांचं काम मिळालं ओरिओ गावच्या होर्हे ओतेइसा या शिल्पकाराला, जो बरीच वर्षं दक्षिण अमेरिकेत काढून 1948 ला परत आला होता. दारं लोखंडाची, तीही दुसऱ्या एका पुढे जगप्रसिद्ध झालेल्या माणसाची. काळ कुठला ते लक्षात घ्या. फ्रँकोची हुकूमशाही ऐन भरात, बास्क भाषा सरकारी जागी बोलायची सोय नाही, 1936 च्या यादवी युद्धात याच भागातल्या डझनभराहून जास्त धर्मगुरूंना "कॅथलिक" म्हणवणाऱ्या त्याच्याच बाजूने गोळ्या घातलेल्या. त्या वातावरणात डोंगरातले मठवाले असलं डिझाइन पास करतात, मला तर ही हिंमतच वाटते.

शिल्पकाराने शिष्य बारा नाही, चौदा केले. का, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीयेत, पण त्याचं स्वतःचं उत्तर साधारण असं होतं की भिंतीवर तेवढेच मावले. आणि पोटं रिकामी कारण ज्यांनी सगळं देऊन टाकलं त्यांच्या आत काही उरत नाही, हे मला तरी पटतं. चर्चमधल्या वरच्यांना नाही पटलं. 1954 च्या सुमाराला पुतळ्यांचं काम थांबवायला सांगितलं आणि 1955 मध्ये रोमच्या, म्हणजे पोपच्या कारभारातल्या, समितीचा निकाल आला की हेतू चांगले असतील पण ही मंडळी आधुनिक वाऱ्यात वाहवली, मंजूर नाही. चर्च त्याच वर्षी उघडलं, पुतळ्यांशिवाय.

हा निर्णय नक्की कुणाचा यावर अजून दोन तट आहेत. एक गट म्हणतो सगळं इथल्या बिशपचं, सरकारला खूश ठेवायचं होतं, रोमचं नाव पुढे केलं. दुसरा म्हणतो राजकारण बाजूला ठेवा, तेव्हा रोम सगळीकडेच मॉडर्न आर्टवर उखडलेलं होतं. दुसऱ्यांच्या बाजूने पुरावा आहे हे मान्य करायला पाहिजे. 1951 मध्ये फ्रान्समध्ये आसीच्या चर्चमधला एक आधुनिक येशू हलवायला लावला होता आणि 1952 मध्ये धार्मिक कलेबद्दल रोमचा कडक आदेशच निघाला होता, म्हणजे आरान्त्सासूची वेळच वाईट होती. पण मग एक प्रश्न राहतोच, त्याच भिंतीमागचं तेवढंच मॉडर्न बांधकाम कसं चाललं आणि अडलं ते फक्त पुतळ्यांवर कसं? माझ्या मते उत्तर साधं आहे, इमारत न कळली तरी चालते, पण माणसाचं पोट फाडलेलं दिसलं की सगळ्यांनाच कळतं, आणि त्या दशकात त्या प्रांतात मेलेली माणसं कुणाला आठवायला नको होती. हे माझं मत, कागदावर कुठे सापडणार नाही.

पुढची चौदा-एक वर्षं अर्धे कोरलेले दगड रस्त्याच्या कडेला पडून राहिले. भाविक त्यांच्या बाजूने चालत वर जायचे. गंमत म्हणजे याच मधल्या काळात, 1957 मध्ये, त्याच शिल्पकाराला ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बिएनाले कलाप्रदर्शनात शिल्पकलेचं मोठं बक्षीस मिळालं, आणि दोन वर्षांनी त्याने शिल्पं करणंच सोडून दिलं.

दरम्यान हवा बदलत होती. 1960 मध्ये 339 बास्क धर्मगुरूंनी आपल्याच बिशपांना पत्र लिहून दडपशाहीवर बोला म्हणून सांगितलं. पोलिसांना परवानगीशिवाय चर्चमध्ये शिरता येत नव्हतं, त्यामुळे संपवाल्यांच्या सभा चर्चमध्ये भरायच्या. (हे कवच किती पातळ होतं ते 3 मार्च 1976 ला व्हितोरिया या बास्क शहरात दिसलं, चर्चमध्ये अश्रुधूर सोडून बाहेर पडणाऱ्यांवर गोळीबार, पाच कामगार गेले. ते चर्च काही ऐतिहासिक वास्तू म्हणून बांधलेलं नव्हतं, त्या दिवसाने ते झालं.) रोममध्येही दुसरी व्हॅटिकन परिषद (चर्चमधल्या सुधारणांसाठीची) होऊन गेली होती, आधीचा कडकपणा सैल पडला. मग 1968 मध्ये शिल्पकाराला परत बोलावलं आणि 1969 मध्ये चौदाही शिष्य भिंतीवर चढले, वर मेलेल्या येशूसोबतची मारिया. त्याच 1968 च्या ऑक्टोबरमध्ये याच मठात भाषेच्या लोकांची बैठक भरली आणि आजच्या प्रमाण बास्कचा पाया घातला गेला, म्हणून बास्क माणसाला आरान्त्सासू म्हटलं की आधी शुद्धलेखन आठवतं की मारिया, ते माणसावर आहे.

हल्लीचा वाद वेगळाच, मालकीचा. 1998 च्या एका बदलामुळे बिशपच्या नुसत्या दाखल्यावर चर्चच्या इमारती चर्चसंस्थेच्या मालकीच्या म्हणून नोंदवता यायला लागल्या, ही वाट 2015 मध्ये बंद झाली. 2021 मध्ये सरकारने अशा मालमत्तांची यादी काढली ती पूर्ण स्पेनची, जवळपास 35 हजार मालमत्ता. नवारातली गावं सगळ्यात जास्त चिडलेली, कारण छप्पर गावाने श्रमदानातून घातलेलं आणि कागद दुसऱ्याच्या नावावर. छोट्या गावात चर्चला कुलूप दिसलं आणि किल्ली कुणाकडे असं विचारलंत, तर कधीकधी हाच विषय निघतो, वेळ असेल तरच विचारा.

आरान्त्सासूला गेलात तर तळघर चुकवू नका. तिथली पहिली भित्तिचित्रंही पन्नासच्या दशकात नापसंत ठरून पुसली गेली होती. तीसेक वर्षांनी त्याच चित्रकाराने परत येऊन नवीन रंगवली, आणि मधोमध येशू काढला तो लालभडक.