बार्ताली की कोप्पी? दुभंगलेल्या इटलीची सायकल-शर्यत

जिनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी या इटलीच्या दोन सायकलस्वारांमधली चुरस सुरू झाली ती एकाच संघात. १९४० साली लेन्यानो या सायकल कंपनीच्या संघाने वीस वर्षांच्या कोप्पीला घेतलं ते बार्तालीचा मदतनीस म्हणून. मदतनिसाचं काम ठरलेलं: पुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा, पाणी आणून द्यायचं, नायकाचं चाक गेलं तर आपलं काढून द्यायचं. पण त्या वर्षीच्या जिरो द'इतालियात, म्हणजे इटलीभर टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या शर्यतीत, दुसऱ्याच टप्प्यात कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला आणि मागे राहिला. पुढे आपेनाइन्सच्या घाटात कोप्पी सुटला, आणि आघाडीवरच्या स्वाराची गुलाबी जर्सी मदतनिसाच्या अंगावर आली. ती टिकवायला डोलोमाइट्सच्या डोंगरांत बार्तालीनेच त्याला हात दिला. ९ जूनला मिलानमध्ये शर्यत संपली, दुसऱ्याच दिवशी मुसोलिनीने युद्ध पुकारलं.

बार्ताली तेव्हा पंचविशीतला. दोन जिरो आणि १९३८ची टूर द फ्रान्स त्याच्या नावावर होती. सायकलस्वाराच्या ताकदीची सर्वोत्तम वर्षं तीच, आणि ती युद्धाने गिळली. या काळात फ्लॉरेन्स ते असिसी असा सराव करताना तो सायकलच्या नळीत बनावट ओळखपत्रं लपवून न्यायचा, लपून राहिलेल्या ज्यू कुटुंबांसाठी. हयात असेपर्यंत त्याने याचा गवगवा केला नाही. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला तो २०१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. कोप्पीने नोव्हेंबर १९४२मध्ये मिलानच्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर तासाभरात पंचेचाळीस किलोमीटरहून जास्त अंतर कापून विश्वविक्रम केला. मग त्याची रवानगी उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर झाली आणि तो ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती सापडला.

त्याच इटलीत आपली मराठा पलटणही लढत होती. जुलै १९४४मध्ये टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, एप्रिल १९४५मध्ये सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव यांनी शौर्य गाजवलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा युद्धाने उखडलेल्या रस्त्यांवरूनच जून १९४६मध्ये जिरो पुन्हा निघाली. राजेशाही संपवून प्रजासत्ताक आणण्याचा कौल लोकांनी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी दिला होता.

त्रिएस्तेचा टप्पा त्या जिरोत मुद्दाम ठेवला होता. हे शहर दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होतं, युगोस्लाव्हिया त्यावर हक्क सांगत होता आणि इटलीला ते सोडायचं नव्हतं. पिएरिस गावापाशी रस्त्यात अडथळे उभे होते, सायकलस्वारांवर दगड आले आणि गोळ्याही झाडल्या गेल्या. बहुतेकांनी तिथेच टप्पा सोडला. सतरा जण मात्र हटले नाहीत. त्यांना लष्करी ट्रकमधून शहराच्या वेशीपर्यंत नेलं, तिथून ते सायकलवर शर्यतीच्या मैदानात शिरले आणि त्रिएस्तेचाच जोर्दानो कोत्तूर पहिला आला. शर्यत एका देशासाठी काय असू शकते, हे कळायला एवढा एक दिवस पुरेसा आहे. ती जिरो बार्तालीने अवघ्या ४७ सेकंदांनी जिंकली. दुसरा कोप्पी, आता बियांकी या दुसऱ्या संघाच्या फिकट निळ्या जर्सीत, प्रतिस्पर्धी म्हणून. पुढच्या वर्षी जिरो कोप्पीची.

लोकांकडे मोटारी नव्हत्या, सायकली होत्या. शर्यत बघायला तिकीट लागत नव्हतं, ती दारावरून जायची. त्यामुळे वाद घरोघरी गेला. बार्ताली श्रद्धाळू कॅथलिक, चर्चचा लाडका, म्हणून तो ख्रिस्ती लोकशाही पक्षवाल्यांचा. मग डाव्यांना कोप्पी आपला वाटू लागला. खरं तर कोप्पी कम्युनिस्ट नव्हता. कास्तेल्लानियाच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, नोवी लिगुरेत खाटकाच्या दुकानातला माल सायकलवरून पोचवत मोठा झालेला. राजकारणाचे शिक्के लोकांनी मारले, कारण लोक स्वतःच दुभंगले होते. माझ्या मते या चुरशीचं मर्म इथे आहे.

१४ जुलै १९४८ला कम्युनिस्ट नेते पाल्मीरो तोल्याती यांच्यावर रोममध्ये संसदेबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या. देशभर संप, रस्त्यांवर रक्त. बार्ताली तेव्हा टूरमध्ये होता आणि त्या दिवशी कान येथे विश्रांती होती. वय चौतिशीला टेकलेलं, आघाडीवरच्या लुईझाँ बोबेपेक्षा तो एकवीस मिनिटांहून जास्त मागे. त्या रात्री पंतप्रधान द गास्पेरी यांनी फोन करून ‘काहीतरी कर’ असं सांगितल्याची आठवण बार्ताली पुढे सांगायचा. दुसऱ्या दिवशी इझोआरच्या घाटात तो एकटा पुढे गेला आणि बोबेची आघाडी मिनिटभरावर आणली. त्याच्या पुढच्या दिवशी टूरमधल्या आघाडीवरच्या स्वाराची पिवळी जर्सी त्याची झाली. पॅरिसला पोचताना दुसऱ्या क्रमांकावरच्या ब्रीक स्खॉटेपेक्षा तो सव्वीस मिनिटं पुढे होता. पहिल्या टूर-विजयानंतर दहा वर्षांनी दुसरा!

बार्तालीने यादवी टाळली, असं म्हणतात. मला ते पटत नाही. जखमी तोल्यातींनीच साथीदारांना शांत राहायला सांगितलं होतं आणि कामगार संघटनेने संप मागे घेतला. पण चिघळलेल्या त्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या माणसांना एकच आनंदाची बातमी मिळाली, हेही खोटं नाही.

महिनाभरात याच जोडीने देशाची मान खाली घातली. नेदरलँड्समधल्या फाल्केनबुर्खला जागतिक स्पर्धा होती, दोघे एकाच देशाच्या जर्सीत. दोघांनी दिवसभर फक्त एकमेकांवर नजर ठेवली. याने जोर लावला नाही तर त्यानेही नाही. शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. इटलीच्या सायकल महासंघाने दोघांवर बंदी घातली, ती योग्यच होती.

मग आलं १९४९. जिरोत १० जूनला कुनेओ ते पिनेरोलो, २५४ किलोमीटर आणि वाटेत पाच घाट: मादालेना, व्हार, इझोआर, माँजनेव्हर, सेस्त्रिएरे. पहिल्याच घाटात कोप्पी सुटला आणि उरलेले १९२ किलोमीटर एकट्याने गेला. आल्प्समधले हे रस्ते तेव्हा बरेचसे कच्चे होते. बार्तालीने पंक्चर सोसत पाठलाग सोडला नाही, पण पिनेरोलोला पोचायला त्याला जवळपास बारा मिनिटं जास्त लागली. रेडिओवर मारिओ फेर्रेत्तीने केलेली सुरुवात इटलीला आजही पाठ आहे: एकच माणूस आघाडीवर आहे, त्याची जर्सी पांढरी-निळी आहे, त्याचं नाव फाउस्तो कोप्पी.

त्याच वर्षी जुलैत दोघांना टूरला इटलीच्या एकाच संघातून जायचं होतं. व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा, स्वतः पाच वेळा जिरो जिंकलेला, दोघांना एकत्र बसवून समजावत राहिला. १८ जुलैला बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस होता. ब्रियाँसाँपर्यंत दोघे बरोबर आले, कोप्पीने टप्पा त्याला जिंकू दिला आणि पिवळी जर्सीही त्याच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर बार्तालीवर आधी पंक्चर आणि मग पडण्याची वेळ आली. बिंदाच्या परवानगीने कोप्पी एकटा पुढे गेला, तो पॅरिसपर्यंत पहिलाच राहिला. एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकणारा तो पहिला.

१९५२च्या टूरमधल्या एका छायाचित्रात घाट चढताना पाण्याची एक बाटली दोघांच्या हातात दिसते. कोण कोणाला देतोय, यावर इटलीत अजून वाद होतो. त्या टूरमध्ये कोप्पी इतका पुढे गेला होता की चुरस टिकावी म्हणून आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस वाढवावं लागलं. बार्तालीचा काळ सरला होता. सायकलस्वार म्हणून कोप्पी मोठा, हे माझं मत. पण १९४८चा तो विजय कोप्पीच्याही कुठल्या विजयाहून मोठा.

कोप्पीची पुढची वर्षं कठीण गेली. भाऊ सेर्से १९५१ साली एका शर्यतीत पडून मरण पावला होता. बार्तालीनेही आपला भाऊ जुलिओ १९३६ साली असाच गमावला होता. विवाहित कोप्पीचे विवाहित जुलिया ओक्किनीशी संबंध जुळले तेव्हा व्यभिचार इटलीत गुन्हा होता, आणि प्रकरण थेट न्यायालयात गेलं. त्याचा ताशी विक्रम १९५६ साली त्याच व्हिगोरेल्लीवर फ्रान्सच्या जाक आंकतिलने मोडला.

१९६०च्या हंगामासाठी कोप्पीने सान पेल्लेग्रिनो संघाशी करार केला. संघाचा मार्गदर्शक होता बार्ताली. पण त्याआधी आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टाच्या (आजचा बुर्किना फासो) दौऱ्यात त्याला मलेरियाने गाठलं. बरोबर गेलेला फ्रेंच सायकलस्वार राफाएल जेमिनियानी मलेरियाचं निदान वेळेत झाल्याने वाचला. इटलीतल्या डॉक्टरांना ते निदान झालं नाही आणि २ जानेवारी १९६०ला, चाळिसाव्या वर्षी, कोप्पी तोर्तोनाच्या रुग्णालयात वारला.