मागचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरी बदलणार असाल तर

आमच्याकडून मागचे पॅड आणि डिस्क नेणारे बरेच ग्राहक ते घरीच बसवतात. खुशाल बसवा, काम जमण्यासारखे आहे. मात्र पुढचे पॅड स्वतः बदललेला माणूसच मागच्या चाकाशी जास्त फसतो. पुढे सी-क्लॅम्प (दाबायचा शिकंजा) लावला की कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या जबड्यातला, पॅड दाबणारा पिस्टन निमूट आत जातो. मागे मात्र हँडब्रेकही असतो, आणि तो कसा जोडलाय त्यावर पिस्टन कसा आत घालायचा हे ठरते. म्हणून चाक उघडण्याआधी आपल्या गाडीचा हँडब्रेक ओळखा.

दांडी ओढायचा हँडब्रेक, केबल थेट कॅलिपरला
यात पिस्टन आतल्या स्क्रूवर बसलेला असतो. तो नुसता दाबून जात नाही. दाबत दाबत फिरवावा लागतो. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, काहींत एका बाजूचा उलटा. जोर लावून क्लॅम्पने दाबलात तर आतला ॲडजस्टर मोडतो आणि पॅडच्या खर्चात अख्खा कॅलिपर येऊन बसतो. पिस्टन फिरवायचे किट अनामत ठेवून दुकानातून न्या, काम झाले की परत करा. काही पॅडच्या पाठीवर छोटी खुंटी असते. ती पिस्टनच्या खाचेत बसली पाहिजे, नाहीतर पॅड तिरका घासतो.

बटणाचा हँडब्रेक
कॅलिपरच्या पाठीवर मोटर दिसेल. आधी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचे यंत्र) गाडी सर्व्हिस मोडवर घ्यायची. मोटर स्क्रू मागे घेते, मग पिस्टन सरळ दाबला जातो. काम संपले की स्कॅनरनेच मोड बंद करायचा. मधे कोणी बटणाला हात लावू नये. किल्ली खिशात ठेवा, पोरांना गाडीत बसू देऊ नका. काही गाड्यांत पेडल आणि बटण दाबून हा मोड लागतो. ती पद्धत तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तरच वापरा, व्हिडिओत पाहून नको. स्कॅनर नसेल तर हे काम घरी करू नका, असेच आम्ही सांगतो. त्यात आमचे गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

डिस्कच्या पोटात छोटा ड्रम
यात हँडब्रेक या ड्रममधल्या लायनरवर चालतो, म्हणून पिस्टन साधा, सरळ दाबला जातो. पण आतले लायनर अडल्यामुळे डिस्क निघत नाही. डिस्कवरच्या भोकातून दातेरी चक्र फिरवून लायनर सैल करा.

तिन्ही प्रकारांत काम हँडब्रेक सोडूनच करायचे असते. त्यामुळे सपाट, कडक जमीन हवी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक अडवायचे ठोकळे) हवी. पुढची चाके ओढणारी गाडी असेल तर पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. गाडीसोबतचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, घोडी (जॅक स्टँड) लावायचीच. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडल्यावर दुसरी बघता येते. बदलायच्या मात्र दोन्ही.

कॅलिपर सुटला की तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे जाताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते. टाकी काठोकाठ असेल तर आधीच थोडे काढून घ्या. ते रंगावर सांडले तर रंग उचकटतो. लगेच पाण्याने धुवा.

डिस्क धरून ठेवणारे छोटे स्क्रू गंजून घट्ट बसतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोके खराब होते. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, दोन-तीन ठोक्यांत सुटतो. काही डिस्कवर दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत बोल्ट समान पिळत गेलात की डिस्क आपोआप बाहेर येते.

आपल्याकडचा खरा शत्रू गंज
कोकणात मागची डिस्क झिजून जाण्याआधी गंजूनच जाते. मागच्या ब्रेकवर भार कमी, त्यात खारी हवा आणि चार महिने पाऊस. मालक मुंबईला आणि गाडी गावी शेडमध्ये हँडब्रेक ओढून उभी, असे असेल तर बोलायलाच नको. बाहेरून डिस्क चकचकीत दिसते, म्हणून लोक फसतात. आतली बाजू बघा; तिकडेच खड्डे पडतात, आणि आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला असताना बाहेरचा अर्धा शिल्लक असतो.

असे का होते? पॅड ज्या स्टीलच्या क्लिपांमध्ये सरकतो, त्यांच्याखाली कॅरियरवर (पॅड धरणारी चौकट) गंजाची साय चढते. क्लिप वर उचलली जाते, पॅड खाचेत अडकतो आणि ब्रेक सोडला तरी डिस्कला चिकटून राहतो. नवे पॅड तसेच ठोकून बसवले तर तेही लवकर संपतात. म्हणून जुन्या क्लिपा काढा, खालची जागा कानसीने आणि तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ करा, मग नव्या क्लिपा लावा. पॅड हाताने सहज सरकला पाहिजे. कॅलिपरच्या सरकत्या पिना पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधे पिवळे ग्रीस नको, रबर फुगते. हबचा (ज्यावर डिस्क आणि चाक बसते तो भाग) चेहराही असाच घासा. तिथे कागदाच्या जाडीची खपली राहिली तरी नवी डिस्क वाकडी फिरते आणि पेडल पायाखाली थरथरते. मग माणूस आमच्याकडे डिस्क बदलून मागायला येतो.

पॅड-डिस्कची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नका. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारा. नवी डिस्क येते तीच तेलाचा हात मारून. तीही क्लीनरने धुवा आणि नंतर ग्रीसचा हात लावू नका.

जुनी डिस्क चालेल का, हे सगळेच विचारतात. तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. काठाला ओठ आलेला असतो, त्यामुळे व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) आत, जिथे पॅड घासतो तिथे लावा. मागची भरीव डिस्क बऱ्याच गाड्यांत नवी असताना 9 ते 10 मिमी असते, तेव्हा लेथवर टर्निंग करायला फारसे मांस उरत नाही. पॅडचे लायनर (घासणारा थर) 3 मिमीच्या खाली आले की बदला.

बोल्ट किती घट्ट करायचे ते गाडीच्या पुस्तकातून घ्या आणि टॉर्क पान्यानेच करा. काही गाड्यांत कॅलिपरचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते पॅडसोबतच मागा.

गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारत राहा. पहिल्या एक-दोन वेळा ते तळाला जाईल, कारण पिस्टन अजून लांब असतो. हे विसरलात तर गाडी मागे घेताना भिंतच थांबवेल. नंतर टाकीतली पातळी बघा. लागले तर टोपणावर लिहिलेल्या प्रतीचे, बहुधा डॉट 4, सीलबंद बाटलीतलेच ऑइल घाला. दांडीचा हँडब्रेक असेल तर तो यानंतरच ओढून बघा.

मोकळ्या रस्त्यावर 60 च्या वेगावरून 20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मधे थोडे अंतर जाऊ द्या. ब्रेक तापलेले असताना पेडलवर पाय रोवून गाडी उभी ठेवू नका. घरी आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, स्पर्श करू नका. मागचे एकच चाक जास्त धगधगत असेल तर तिथला पॅड किंवा पीन अजून अडकते आहे, पुन्हा उघडा.

खरेदीला येताना आरसी किंवा चॅसिस नंबर आणा. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला मागे ड्रम आणि वरच्याला डिस्क असते, आणि डिस्कचाही व्यास बदलतो. न बसवलेला माल खोक्यासह सात दिवसांत बदलून मिळेल. एकदा ब्रेक मारलेला पॅड परत घेत नाही.