इंग्रजी आडनावाचा शोध: आम्ही काय करून देतो, काय देत नाही

आमच्याकडे येणारे ग्राहक साधारण दोन प्रकारचे. काहींच्या घरात इंग्रज सून किंवा जावई आलेला असतो. नातवंडांची वंशावळ लिहायला बसलं की एक बाजू सात पिढ्या भरते आणि दुसरी आजोबांपाशी थांबते. बाकीचे मुंबई, पुणे, देवळाली, इगतपुरीकडच्या अँग्लो-इंडियन घरांतले. त्यांना आडनाव ठाऊक असतं, ते इंग्लंडातल्या कुठल्या गावचं हे ठाऊक नसतं.

पहिल्याच फोनवर मागणी येते ती ढालीच्या चित्राची. ‘आमच्या आडनावाचं कुलचिन्ह छापून फ्रेम करून द्याल का?’ बाजारात असं चित्र मिळतं. आम्ही देत नाही. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही; ते एका व्यक्तीला मिळतं आणि पुढे तिच्या थेट वंशजांना लावता येतं. हा कारभार १४८४ साली तिसऱ्या रिचर्ड राजाने सनद दिलेलं ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ आजही पाहतं. गावोगाव लोहार होते म्हणून गावोगाव स्मिथ झाले. त्या सगळ्यांची ढाल एक कशी असेल?

इंग्रजी आडनावं बहुतेक चार वाटांनी आली: धंदा (टेलर), बापाचं नाव (जॉन्सन), रंगरूप किंवा स्वभाव (ब्राउन) आणि गाव. चौथी वाट आपल्या ‘कर’वाल्यांना समजावून सांगायला नको. मराठी-इंग्रजी कोशामुळे घरोघरी माहीत झालेलं मोल्सवर्थ हे आडनावही हंटिंगडनशायरमधल्या एका खेड्याचं नाव आहे.

आमचा अहवाल कसा असतो, हे दाखवायला वॉशिंग्टन हे आडनाव घेऊ. अमेरिकेच्या राजधानीमुळे ते अमेरिकन वाटतं, पण मूळ गाव ईशान्य इंग्लंडमध्ये, तेव्हाच्या डरहॅम परगण्यात, विअर नदीजवळ. डरहॅमच्या बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची मोजदाद करवली. ‘बोल्डन बुक’ नावाच्या त्या दप्तरात विल्यम द हर्टबर्न याची नोंद आहे: हर्टबर्न गाव सोडून त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, सारा चार पौंड, शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं. गाव बदललं आणि घराण्याचं नावही बदललं. जुन्या कागदांत ते ‘वेसिंग्टन’ असंही दिसतं, कारण कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत. स्पेलिंग जुळत नाही म्हणून नोंद सोडून देऊ नका, असं आम्ही म्हणतो ते यामुळेच.

या घराण्याची एक शाखा लँकेशायरमध्ये गेली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात शिरला, नॉर्दॅम्प्टनचा मेयर झाला. आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये त्याने सलग्रेव्हची जहागीर ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्सला घेतली. पुढच्या पिढ्यांत दिवस फिरले. याच वंशातल्या एका लॉरेन्सला, तो एसेक्समध्ये पाद्री असताना, १६४३ मध्ये प्युरिटनांनी (कडक आचाराच्या प्रोटेस्टंटांनी) पदावरून काढलं. आरोप असा की तो गुत्त्यात पडून असतो. (अहवालात असंही निघतं. आम्ही ते गाळत नाही, आधीच सांगून ठेवतो.) त्याचा मुलगा जॉन १६५०च्या दशकात व्हर्जिनियाला गेला. तो जॉर्ज वॉशिंग्टनचा पणजोबा. पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे हे या घराण्याचं चिन्ह. अमेरिकेच्या राजधानीच्या १९३८ साली स्वीकारलेल्या झेंड्यावर तेच आहे. खुद्द जॉर्जला लंडनच्या मुख्य कुलचिन्ह-अधिकाऱ्याने वंशावळ विचारली, तेव्हा १७९२ मध्ये त्याने कळवलं की या विषयाकडे आपण फारच कमी लक्ष दिलेलं आहे.

आता ढालीचा मुद्दा पुन्हा पाहा. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाच्या दहांपैकी सुमारे नऊ जण कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीतून सुटलेल्या अनेकांनी हे नाव स्वतः निवडलं. पुढे कृष्णवर्णीयांचे मोठे शिक्षक-पुढारी झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनी लहानपणी शाळेत नाव घालताना, बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं आहेत हे पाहून, बेधडक ‘बुकर वॉशिंग्टन’ असं सांगितलं. सलग्रेव्हच्या जहागिरीशी त्यांचा संबंध जोडणं चूक, आणि त्यांचं आडनाव कमी अस्सल मानणं ही त्याहून मोठी चूक. म्हणून आम्ही आडनावापासून नाही, तुमच्या माणसापासून मागे जातो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. घरटी नावांची जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी मिळते. मात्र १९३१ची कागदपत्रं आगीत गेली आणि १९४१ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. १८३७च्या आधीसाठी चर्चच्या वह्या. त्या ठेवायचा हुकूम १५३८चा, पण सगळीकडच्या इतक्या जुन्या वह्या टिकलेल्या नाहीत. त्यामुळे सर्वसाधारण घराचा माग १७००च्या आसपास लागला तरी आम्ही काम चांगलं झालं असं समजतो. ११८३पर्यंत जाण्याचं आश्वासन कोणी देत असेल तर पैसे देण्याआधी विचार करा.

मुंबई इलाख्यात राहिलेल्या पूर्वजांसाठी वेगळी वाट आहे. इथल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. बंगालचा क्रमांक एन/१, मद्रासचा एन/२. रेल्वेत किंवा पलटणीत नोकरी होती एवढं कळलं तरी शोध बराच सोपा होतो.

येताना सर्वांत जुन्या माहीत असलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव, अंदाजे जन्मसाल, गाव आणि धर्मपंथ लिहून आणा. जुनं बायबल घरात असेल तर त्याची पहिली पानं पाहा. जन्म-मृत्यूच्या तारखा तिथे लिहायची पद्धत होती. मूळ कागद आमच्याकडे ठेवू नका, मोबाइलवर काढलेले फोटो पुरतात.