अभिजात भारतीय चित्रपटातले नटनट्या आणि परदेशी अभिनय पुरस्कार

भारतीय चित्रपटातल्या कलावंतांना परदेशी महोत्सवांच्या ज्युरींनी किंवा तिकडच्या चित्रपट अकादम्यांनी निव्वळ अभिनयासाठी दिलेले पुरस्कार, एवढाच अर्थ या नोंदीत धरलाय. चित्रपटाला मिळालेलं बक्षीस वेगळं, दिग्दर्शकाचं वेगळं आणि नटाचं वेगळं. आपल्याकडे या तिन्हींची सरमिसळ इतकी होते की कोणाला नेमकं काय मिळालं ते शोधताना आधी हा गुंता सोडवायला लागतो. काळ धरलाय तो साधारण १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा.

सरमिसळीचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) १९३७ मध्ये व्हेनिसला गेला आणि तिथे त्याची दखल घेतली गेली, हे खरं. पण जुन्या मराठी लेखांमधून 'जगातल्या तीन सर्वोत्तम चित्रपटांपैकी एक' असं जे वाक्य फिरत आलंय ते जपून वापरलेलं बरं, आणि त्यावरून विष्णुपंत पागनीसांना अभिनयाचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं असं कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. गौरव चित्रपटाचा होता. त्या गौरवाचं प्रशस्तिपत्र मधे गहाळ झालं होतं, ते पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या भागात चक्क कचऱ्यात एका विद्यार्थ्याला सापडलं आणि बऱ्याच वर्षांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आलं. हे इथे सांगायचं कारण म्हणजे कागद असे हरवतात आणि मग त्यांच्या जागी आठवणी बसतात, या विषयातल्या निम्म्या वादांचं मूळ हेच आहे. 'नीचा नगर' (कान, १९४६), 'दो बिघा जमीन' (कान, १९५४), 'दो आँखें बारह हाथ' (बर्लिन, १९५८) हेही सगळे चित्रपटांचे सन्मान. बलराज साहनींनी 'दो बिघा जमीन'मध्ये जे काम केलंय त्याला त्या वेळी परदेशात अभिनयाचं पारितोषिक मिळालं नाही, याची हळहळ वाटते ती वाटतेच.

आता मुख्य प्रश्न, पहिलं कोण? तीन नावं सतत पुढे येतात, नर्गिस, तमिळ नट शिवाजी गणेशन आणि बंगाली अभिनेत्री सुचित्रा सेन, आणि तिघांच्याही चाहत्यांनी आपापल्या भाषेत 'पहिले भारतीय' किंवा 'पहिली भारतीय' असं लिहून ठेवलंय. 'पथेर पांचाली'मधल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचं काम करणाऱ्या चुनीबालादेवींना मनिलाच्या महोत्सवात अभिनेत्रीचा मान मिळाला असंही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तसं असेल तर तो मरणोत्तरच म्हणायला हवा, कारण १९५५ मध्ये चित्रपट थिएटरात लागायच्या आधीच त्या वारल्या होत्या. इथे तो दावा म्हणूनच नोंदवलाय.

तारखेच्या हिशोबाने नर्गिस पुढे आहे. 'मदर इंडिया' २५ ऑक्टोबर १९५७ ला लागला आणि १९५८ च्या कार्लोव्ही व्हारी (तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया) महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. तेव्हा ती २९ वर्षांची, आणि पडद्यावर नवी नवरी ते पांढऱ्या केसांची आई असा सगळा प्रवास. बैल नाही म्हणून जू स्वतःच्या खांद्यावर घेऊन नांगर ओढणारी राधा ज्याने एकदा बघितली त्याला ज्युरीने का निवडलं हे वेगळं सांगायला नको. मेहबूब खान यांचा हा चित्रपट त्याच वर्षी ऑस्करच्या परभाषिक विभागाच्या नामांकनांत होता, तिथे तो फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'पुढे हरला. एका मताने हरला ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते पण ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. कॅबिरिया झालेल्या ज्युलिएटा मसिनाला आदल्या वर्षी कानला अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं होतं, म्हणजे एका शर्यतीतल्या दोन्ही नायिकांकडे एकेका मोठ्या महोत्सवाचं बक्षीस होतं.

याद्या करणारे काही पाश्चात्त्य लेखक कार्लोव्ही व्हारीला 'तिकडच्या', म्हणजे सोव्हिएत, 'गटाचा महोत्सव' म्हणून थोडं हलक्यात काढतात. ते पटत नाही. पश्चिम बोहेमियातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या या गावात आणि शेजारच्या मारियान्स्के लाझ्ने इथे १९४६ मध्ये महोत्सव सुरू झाला आणि १९५६ मध्ये चित्रपट निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फियाप्फने, त्याला 'अ' वर्ग दिला. कान, व्हेनिस, बर्लिनच्या पंक्तीतला हा वर्ग. मग १९५९ मध्ये मॉस्कोचा महोत्सव उभा राहिला आणि समाजवादी देशांत दर वर्षी एकच 'अ' वर्गाचा महोत्सव असावा असं ठरल्यामुळे दोघांनी वर्षं वाटून घेतली, विषम वर्षी मॉस्को आणि सम वर्षी कार्लोव्ही व्हारी. ही पाळी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. हे वेळापत्रक डोक्यात ठेवलं की या नोंदीतल्या तारखा तपासायला सोप्या जातात. नर्गिस १९५८, म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधीची. सुचित्रा सेन १९६३, मॉस्को, विषम वर्ष. ओम पुरी १९८४, कार्लोव्ही व्हारी, सम वर्ष. कोणी १९६३ चं कार्लोव्ही व्हारी किंवा १९८४ चं मॉस्को लिहिलेलं दिसलं की ते चुकलंय असं खुशाल समजावं.

शिवाजी गणेशन यांचा दावा वेगळ्या वाटेने येतो. 'वीरपांडिय कट्टबोम्मन' (१९५९, दिग्दर्शक बी. आर. पंतुलू) या चित्रपटासाठी १९६० मध्ये कैरोला आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. इथे एक गोंधळ नेहमी होतो, लोक त्याला 'कैरो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव' म्हणतात, पण तो महोत्सव १९७६ मध्ये सुरू झाला. हा आफ्रो-आशियाई महोत्सव म्हणजे आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेनंतरच्या वाऱ्यातून निघालेली फिरती चळवळ होती, १९५८ ला ताश्कंद, १९६० ला कैरो, १९६४ ला जकार्ता. जकार्ताला 'नर्तनशाला'मधल्या कीचकासाठी एस. व्ही. रंगाराव यांना असाच मान मिळाल्याचं तेलुगू लेखनात सांगितलं जातं. पुरुष नटांपुरतं बोलायचं तर 'पहिला' हा मान शिवाजी गणेशनना द्यायला हरकत नाही असं आमचं मत आहे, फियाप्फच्या वर्गवारीत तो महोत्सव बसत नव्हता म्हणून त्या बक्षिसाची किंमत कमी होत नाही. नुकत्या स्वतंत्र झालेल्या देशांनी एकमेकांचे चित्रपट बघून दिलेली ती दाद होती, आणि इंग्रजांशी लढून फासावर गेलेल्या पाळेगाराची, म्हणजे स्थानिक सरदाराची, गोष्ट नासरच्या इजिप्तमध्ये लोकांना किती जवळची वाटली असेल याची कल्पना करता येते. मराठी वाचकाला आणखी एक आपुलकीचा धागा म्हणजे या नटाचं नाव. मूळचे ते व्ही. सी. गणेशन, अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि ती बघून पेरियारांनी त्यांना 'शिवाजी' म्हटलं, ते आयुष्यभर चिकटलं.

सुचित्रा सेनना १९६३ मध्ये मॉस्कोला 'सात पाके बांधा' (दिग्दर्शक अजय कर, नायक सौमित्र चटर्जी) या चित्रपटासाठी अभिनेत्रीचं रौप्य पारितोषिक मिळालं. बंगालीत त्यांना 'आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवणारी पहिली भारतीय अभिनेत्री' म्हणायची पद्धत आहे, पण नर्गिस पाच वर्षं आधीची, त्यामुळे 'मॉस्कोला पहिली' एवढंच म्हणणं योग्य. त्या वर्षाचं मॉस्को मात्र जबरदस्त होतं. मुख्य पारितोषिक फेलिनीच्या 'साडेआठ'ला गेलं आणि त्यावरून बराच गदारोळ झाला, अभिनेत्याचं पारितोषिक 'द ग्रेट एस्केप'साठी स्टीव्ह मॅक्क्वीनला, आणि ज्युरीत सत्यजित राय होते. हॉलिवूडच्या स्टारच्या शेजारी बंगाली संसाराच्या गोष्टीतली नायिका, अशी ती यादी आहे. हीच गोष्ट हिंदीत 'कोरा कागज' (१९७४) म्हणून आली.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये अभिनयाचा विभागच नव्हता, तो आला १९६७ च्या चित्रपटांपासून, पहिले मानकरी उत्तम कुमार आणि 'रात और दिन'साठी नर्गिस. म्हणजे कार्लोव्ही व्हारी, कैरो, मॉस्को आणि खाली येणारं बर्लिन, ही सगळी पारितोषिकं राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी नटाला नट म्हणून गौरवायच्या आधीची आहेत. फिल्मफेअर होतं, पण ते एका नियतकालिकाचं.

बर्लिन १९६५ ची गोष्ट तर मुद्दाम सांगावी अशी. मधुर जाफरी यांना 'शेक्सपियरवाला' (दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, निर्माते इस्माईल मर्चंट) साठी अभिनेत्रीचं रौप्य अस्वल, म्हणजे बर्लिनचं पारितोषिक, मिळालं. खरं तर चित्रपटाची नायिका फेलिसिटी केंडल, जाफरींची भूमिका होती मंजुला नावाच्या नखरेल फिल्मस्टारची. अभिनेत्याचं अस्वल त्या वर्षी ली मार्व्हिनला. आणि त्याच महोत्सवात दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल 'चारुलता'साठी सत्यजित राय यांना, ज्यांनी 'शेक्सपियरवाला'ला संगीतही दिलं होतं. 'चारुलता'ची माधबी मुखर्जी त्याच स्पर्धेत होती. तिचं काम आज सगळ्या जगात अभ्यासलं जातं, बक्षीस मात्र दुसऱ्या भारतीय अभिनेत्रीला गेलं. यात अन्याय झाला असं म्हणायचं नाही, मंजुलाचं काम खरोखर झकास आहे, पण ज्युरीचं बक्षीस हे त्या दहा-बारा दिवसांचं आणि त्या मोजक्या माणसांचं मत असतं.

अकादमीचं काम वेगळं चालतं, तिथे शेकडो सभासद मतं देतात. ब्रिटिश अकादमीत, म्हणजे बाफ्टात, १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत ब्रिटिश आणि परदेशी कलावंत असे वेगवेगळे विभाग होते. १९५९ च्या नामांकनांत 'परदेशी अभिनेत्री'मध्ये 'अपराजितो'च्या करुणा बॅनर्जी आणि 'परदेशी अभिनेता'मध्ये 'हॅरी ब्लॅक'साठी आय. एस. जोहर, दोघं एकाच वर्षी. जोहरना आपण विनोदी नट म्हणूनच ओळखतो त्यामुळे हे वाचून माणूस दचकतो. प्रत्यक्ष बाफ्टा हातात आला तो १९८३ मध्ये रोहिणी हट्टंगडी यांच्या, 'गांधी'मधल्या कस्तुरबांसाठी, सहायक अभिनेत्री म्हणून. तो 'रेड्स'साठीच्या मॉरीन स्टेपलटन यांच्यासोबत विभागून होता. तिशीच्या आसपासच्या पुण्याच्या मुलीने कस्तुरबांचं तरुणपण आणि म्हातारपण दोन्ही उभं केलं, आणि कस्तुरबा गेल्या त्याही पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये. आपल्या रंगभूमीवर वाढलेल्या नटीला हे मिळालं याचा जेवढा उल्लेख मराठीत व्हायला पाहिजे तेवढा होत नाही. त्याच 'गांधी'साठी रोशन सेठ यांनाही नामांकन होतं. पुढे 'अ पॅसेज टू इंडिया'साठी व्हिक्टर बॅनर्जी यांना अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने १९८४ चा सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं. हे सगळे परदेशी निर्मितीतले इंग्रजी चित्रपट, म्हणून काही अभ्यासक ते वेगळ्या रकान्यात टाकतात. 'अपराजितो' मात्र अस्सल बंगाली.

१९८४ हे या सगळ्या इतिहासातलं सोन्यासारखं वर्ष. जुलैत कार्लोव्ही व्हारीला ओम पुरी यांना 'अर्धसत्य'साठी अभिनेत्याचं पारितोषिक आणि सप्टेंबर उजाडतोय तोवर व्हेनिसला नसीरुद्दीन शाह यांना 'पार'साठी व्होल्पी कप, म्हणजे तिथलं अभिनयाचं पारितोषिक. दोघं राष्ट्रीय नाट्य विद्यालयातले वर्गमित्र, दोघं नंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले, आणि दोघं एकमेकांच्या बक्षिसाच्या चित्रपटात आहेत, 'अर्धसत्य'मध्ये नसीर निलंबित इन्स्पेक्टर लोबो आणि 'पार'मध्ये ओम पुरी छोट्या भूमिकेत. 'अर्धसत्य' (दिग्दर्शक गोविंद निहलानी) तर हाडाने मराठी, कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची, नायक अनंत वेलणकर. ती कविता ओम पुरी हॉटेलात बसून सहज वाचायला घेतात आणि वाचता वाचता चेहऱ्यावरचं हसू मावळत जातं, आवाज खाली येतो, त्या दोनेक मिनिटांत अख्खा वेलणकर कळतो. 'पार' (दिग्दर्शक गौतम घोष) मध्ये गाव सोडून आलेलं मजूर जोडपं चार पैशांसाठी डुकरांचा कळप नदीतून पलीकडे पोहत नेतं, बायको गरोदर. पलीकडे पोचल्यावर नसीर शबाना आझमींच्या पोटाला कान लावून बाळ जिवंत आहे का ते ऐकतो. व्हेनिसला १९६९ ते १९७९ अशी अकरा वर्षं स्पर्धाच बंद होती, ती परत सुरू होऊन जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती, त्यात हा कप आला. शबानांना 'पार'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे १९९६ मध्ये 'फायर'साठी शिकागोच्या महोत्सवात अभिनयाचं बक्षीस, रौप्य ह्यूगो. स्मिता पाटील यांचं नाव मात्र कान, व्हेनिस, बर्लिनच्या अभिनयाच्या यादीत नाही.

फ्रान्सचे सरकारी किताब हे अभिनय पुरस्कार नव्हेत, ते एकूण कारकिर्दीला दिलेले सन्मान. तरी इथेही 'पहिले'पणाचा तोच घोळ आहे. 'ऑर्डर ऑफ आर्ट्स अँड लेटर्स' सौमित्र चटर्जींना १९९९ मध्ये मिळाला आणि ते पहिले भारतीय चित्रपट कलावंत असं सर्रास छापून येतं, पण शिवाजी गणेशन यांना याच सन्मानातली शेव्हालिए ही पदवी १९९५ मध्ये मिळालेली होती. कानच्या महोत्सवात कोणत्याही विभागात अभिनयाचं पारितोषिक भारतीय अभिनेत्रीला मिळायला २०२४ उजाडलं, अनसूया सेनगुप्ता, 'द शेमलेस', 'अं सर्तें रगार' विभाग, मुख्य स्पर्धा नव्हे.