कालव्याकाठची संध्याकाळ: अम्फवा की ओंग आंग?

बँकॉकला निघालेल्या ओळखीच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘तो संध्याकाळी कालव्यावर भरणारा बाजार नेमका कुठे?’ मी आधी उलट विचारते, होडीतलं खायचंय की काठाने भटकायचंय? कारण त्या वर्णनात दोन बाजार बसतात, अम्फवा आणि ख्लोंग ओंग आंग. ख्लोंग म्हणजे कालवा. दोन्ही बाजार संध्याकाळचे, दोन्ही शुक्रवार ते रविवार भरणारे म्हणून ओळखले जाणारे, आणि फोटोत दोन्हीकडे पाण्यावर दिवे थरथरताना दिसतात. गल्लत होणारच. प्रत्यक्षात दोघांत सत्तर-ऐंशी किलोमीटरचं अंतर आहे.

अम्फवा बँकॉकमध्ये नाहीच. ते समुत सोंगख्राम प्रांतातलं, मेक्लोंग नदीला मिळणाऱ्या कालव्यावरचं जुनं गाव. थायलंडच्या चक्री राजघराण्यातला राजा दुसरा राम इथलाच. अशा बाजाराला थाईत ‘तलात नाम’ म्हणतात, म्हणजे पाण्यावरचा बाजार. पूर्वी इथली सगळी ये-जा पाण्यातूनच व्हायची, म्हणून दुकानांची तोंडंही कालव्याकडे. पक्के रस्ते आले, होड्यांचा व्यापार आटला आणि बाजार मोडला. २००४ साली तो पुन्हा सुरू झाला, तो संध्याकाळचा. शेजारच्या राच्चबुरी प्रांतातला दाम्नन सदुआक हा प्रसिद्ध तरंगता बाजार सकाळचा असतो. सहलीच्या गाड्या बहुतेकदा तिकडेच नेतात आणि मंडळी घरी येऊन ‘अम्फवा पाहिलं’ म्हणून सांगतात.

अम्फवाची खरी जागा म्हणजे तिथल्या पायऱ्या. कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर आपण बसायचं, पुढ्यात गुडघ्याएवढं मेज. खाली होडी बांधलेली, होडीत कोळशाची शेगडी, शेगडीवर माकूल आणि मोठाली कोळंबी. बाई भाजता भाजता कात्रीने माकुळाचे तुकडे करते, वर लिंबू, लसूण आणि हिरव्या मिरचीची झणझणीत चटणी घालते आणि बसल्या जागेवरून ताटली वर देते. समुद्र जवळ असल्यामुळे भरती-ओहोटी इथवर येते. ओहोटी असेल तर होडी दोन-तीन पायऱ्या खाली गेलेली असते. मग तिला हात उंच करावा लागतो आणि आपल्याला वाकून ताटली घ्यावी लागते. हे देणं-घेणं मी कितीही वेळ बघत बसू शकते.

मासे खाणाऱ्याने इथला प्ला थू चुकवू नये. आपल्या बांगड्याचाच हा भाऊबंद. बांबूच्या छोट्या गोल टोपलीत मावावा म्हणून त्याची मान मोडून डोकं खाली वळवलेलं असतं. ‘तोंड वाकडं, मान मोडकी’ अशीच मेक्लोंगच्या प्ला थूची ख्याती आहे. शिवाय हा माडांचा आणि पपनसांचा मुलूख, त्यामुळे माडाच्या रसाचा गूळ आणि सोललेलं पपनस जागोजागी मिळतं. शाकाहारी माणसाचे मात्र हाल होतात, कारण भाजीतही माशाचं पाणी म्हणजे नाम प्ला पडतं. ‘जे’ हा शब्द पाठ करून जा. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही.

आता ओंग आंग. हा कालवा खुद्द शहराच्या पोटात आहे. साम योत मेट्रो स्थानकावर उतरून थोडं चाललं की पोचलो. राजधानी वसवल्यानंतर, १७८३ साली, पहिल्या रामाच्या काळात शहराभोवती जो खंदक खणला त्याचा हा दक्षिणेकडचा भाग. ओंग आंग म्हणजे रांजण-कुंड्या. मोन आणि चिनी व्यापारी इथे मातीची भांडी विकायचे, त्यावरून हे नाव. पुढे सफान लेक बाजाराची दुकानं थेट पाण्यावर पसरली. खेळणी आणि व्हिडिओ गेम घ्यायला सगळं शहर तिथे यायचं, पण खाली कालवा आहे हे दिसेनासं झालं होतं. २०१५ मध्ये महापालिकेने ती दुकानं हटवली, काठ बांधून काढले, आणि २०२० मध्ये पायी फिरण्याचा बाजार सुरू केला.

म्हणजे इथे विक्री सगळी काठावर. पाण्यात दिसतात त्या हौसेने वल्हवायच्या कयाक. त्यांच्यात तुम्हाला कोणी नूडल्स रांधून देणार नाही. खाण्याच्या गाड्या, गाणारी पोरं, भिंतींवर थाई, चिनी आणि भारतीय वस्त्यांची चित्रं, आणि वाटेत जुने पूल. त्यातला सफान हान मला आवडतो. हान म्हणजे वळणे. होड्यांना वाट द्यायला मूळचा पूल वळवता यायचा. आज तो हलत नाही. कालव्याला लागूनच फाहुरात, म्हणजे कापडाची दुकानं, सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, सामोसे आणि दुधाचा चहा. घरात शाकाहारी आई-वडील असतील तर त्यांना इकडेच न्यावं. फक्त त्या आठवड्यात बाजार भरतोय ना, हे हॉटेलवर आधी विचारून घ्यावं.

हाताशी एकच संध्याकाळ असेल तर ओंग आंग. अम्फवाला घाईने जाऊन परतण्यात अर्थ नाही, तिथे मुक्कामच करावा, कारण अंधार पडल्यावर होडीतून काजवे बघायला नेतात. काजवे बसतात ते लम्फूच्या झाडांवर. महाराष्ट्राने २०२० मध्ये जिला राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं त्या पांढऱ्या चिप्पीच्याच कुळातलं हे झाड. इंजिनाचा आवाज आणि लाटा काठावरच्या घरांना सोसाव्या लागतात, तेव्हा नावाड्याला ‘सावकाश’ म्हणा: चा-चा.

ओंग आंगचा तोच खंदक उत्तरेकडे गेला की त्याला बांग लम्फू म्हणतात. या झाडांवरूनच. तिथल्या नदीकाठच्या बागेतलं शेवटचं जुनं लम्फू २०११ च्या पुरानंतर वाळलं.